कामगार संघटनांची मान्यता (गोवा)

कारखान्यातील कोणत्या संघटनेशी व्यवस्थापनाने बोलणी करायची, हे ठरविण्याची व्यवस्था म्हणजे संघटनेची मान्यता. नोंदणी निराळी. १९२६ च्या कामगार संघटना कायद्याखाली सात जण एकत्र आले की संघटनेची नोंदणी होत असे. २००१ च्या दुरुस्तीने आस्थापनेतील १० टक्के किंवा १०० कामगार, यांपैकी जी संख्या कमी तेवढे सभासद दाखविण्याची अट घातली. पण नोंदलेल्या संघटनेशी मालकाने बोललेच पाहिजे, असे हा कायदा म्हणत नव्हता. तशी सक्ती करणारी दुरुस्ती १९४७ मध्ये संमत झाली. ती अमलात मात्र कधीच आली नाही. गोव्यात युनियन काढणे त्या मानाने सोपे आणि तिला टेबलावर बसविणे कठीण, असे चित्र दीर्घकाळ राहिले ते यामुळे.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत संपाला बंदी होती, त्यामुळे हा प्रश्न उद्भवलाच नाही. १९६१ च्या मुक्तीनंतर भारतीय कामगार कायदे लागू झाले. खाणी आणि मुरगाव बंदरात संघटना उभ्या राहिल्या. जॉर्ज वाझ यांच्यासारखे कम्युनिस्ट कार्यकर्ते आयटक या भाकपशी संलग्न महासंघाच्या कामात पुढे होते. पुढे झुआरीनगरचा खत कारखाना, उसगावचा टायर कारखाना आणि वेर्णे, कुंडई येथील औद्योगिक वसाहती आल्या, तशा संघटनाही वाढल्या.

शेजारच्या महाराष्ट्राने १९७१ मध्ये स्वतंत्र कायदा केला. सहा महिने किमान ३० टक्के सभासद टिकविणाऱ्या संघटनेला औद्योगिक न्यायालयाकडून मान्यता मिळू लागली आणि अनुचित श्रमप्रथांविरुद्ध थेट न्यायालयात तक्रार करता येऊ लागली. हा कायदा गोव्याला लागू नव्हता. सीमेवरच्या पत्रादेवीच्या अलीकडे, म्हणजे गोव्यात, १९४७ चा औद्योगिक विवाद कायदाच चालला. त्याच्या पाचव्या परिशिष्टात मान्यताप्राप्त संघटनेशी सद्भावनेने वाटाघाटी नाकारणे ही अनुचित प्रथा ठरविली होती. पण मान्यता कोणी आणि कशी द्यायची, याबद्दल कायदा गप्प होता. ज्याने मान्यता द्यायची तोच ती नाकारून नामानिराळा राहू शके, ही यातली खरी गोम होती.

व्यवहारात त्याचा परिणाम करारांवर होई. संघटना मागणीपत्र देई, बोलणी फिसकटली की प्रकरण कामगार आयुक्तांकडे समेटासाठी जाई. समेटाबाहेर, दोन पक्षांनी आपसात केलेला करार फक्त सही करणाऱ्यांना बांधी. समेट अधिकाऱ्यासमोर झालेला, कामगारांच्या बोलीत (त्या कायद्याच्या कलमावरून) ‘१२(३) चा’ करार मात्र आस्थापनेतील सर्वांना, पुढे कामाला लागणाऱ्यांनाही बांधी. त्यामुळे दोन युनियन असलेल्या कारखान्यात अल्पमतातल्या, प्रसंगी ‘कंपनीच्या’ युनियनची सही मिळवली की बहुसंख्यांचा पगार तीन-चार वर्षांसाठी ठरून जाण्याचा धोका असे. समेट फसला तर वाद न्यायाधिकरणाकडे पाठवायचा की नाही, हे बहुतेक वेळा सरकार ठरवी. म्हणजे राजकारण आलेच.

बहुमत मोजायचे कसे, यावर संघटनांतच एकमत नाही. काँग्रेसशी संलग्न इंटकचा कल परंपरेने सभासद-नोंदींच्या पडताळणीकडे, तर आयटक व माकपशी संलग्न सीटूचा गुप्त मतदानाकडे. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय श्रम आयोगालाही १९६९ मध्ये यावर सर्वांना मान्य होईल असा तोडगा देता आला नाही. मान्यतेचा कायदा असला म्हणजे प्रश्न सुटतो असेही नाही. १९८२ च्या मुंबईतील गिरणी संपात कायद्याने प्रातिनिधिक ठरलेली संघटना एकीकडे आणि बहुसंख्य कामगार संपाचे नेते दत्ता सामंत यांच्या मागे, असा प्रकार घडला. मान्यतेच्या कायद्याची बाजू घेणाऱ्याला या उदाहरणाला उत्तर द्यावेच लागते.

औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. केंद्रीय कायद्यातील मान्यता प्रथमच अमलात आली: एकाहून अधिक संघटना असतील तर हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकमेव वाटाघाटी संघटना, आणि तसे कोणी नसेल तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांची वाटाघाटी परिषद. एका हाताने हे देताना दुसऱ्या हाताने बरेच काढून घेतले आहे. पूर्वी लोकोपयोगी सेवांपुरती असलेली संपाच्या नोटिशीची अट आता सर्व आस्थापनांना लागू आहे. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून घेतलेली सामूहिक रजा संपात धरली जाते. कामगार कपातीसाठी सरकारी परवानगीची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर गेली. लहान-मध्यम कारखान्यांच्या गोव्यात ही मर्यादा अनेक आस्थापनांना मोकळीक देते.

उद्योजकांची बाजू अशी की, एकाच प्रतिनिधीशी बोलणे सोयीचे, नोटीस असली की उत्पादनाचे नियोजन करता येते आणि युनियनमधल्या चुरशीचा भुर्दंड कारखान्याला बसत नाही. केंद्रीय संघटनांनी या संहितेसह चार श्रम संहितांविरुद्ध ९ जुलै २०२५ रोजी देशव्यापी संप केला. भारतीय मजदूर संघ त्यातून बाहेर राहिला. डाव्या संघटनांचा युक्तिवाद असा की, ५१ टक्क्यांचा उंबरठा नव्या संघटनेला दारातच अडवतो. संप रोखायला राज्याकडे १९८८ चा अत्यावश्यक सेवा कायदा, म्हणजे एस्मा, आधीच आहे, हेही विसरता येत नाही.

या साऱ्यात हजेरीपट हा शब्द महत्त्वाचा. कंत्राटी कामगाराचे नाव कंत्राटदाराच्या पटावर असते, त्यामुळे मुख्य कारखान्यातील टक्केवारीत तो धरला जाण्याची शक्यता कमी. मुदतबंद नोकरीवरचा कामगार पटावर असतो, पण मुदत वाढेल की नाही या धास्तीने पाठिंबा उघड करीत नाही. किनाऱ्यावरील हॉटेलांत हंगामापुरते येणारे कर्मचारी, त्यांतले बरेच राज्याबाहेरचे, सभासद होण्याआधीच पावसाळ्यात घरी परततात.