छातीवर बसलेला प्रियकर

चैत्र लागला की आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या वाड्याच्या भिंतीपलीकडून ओखाहरण ऐकू येऊ लागतं. शेजारच्या गुजराती मासी दुपारची भांडी आवरून वाचायला बसतात आणि गल्लीतल्या दोन-चार जणी ऐकायला येतात. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जाते, पण ही गोष्ट मी मराठीत शिकले नाही, भिंतीतून झिरपलेल्या गुजरातीतच शिकले. ओखा म्हणजे आपली उषा. हजार हातांच्या बाणासुराच्या महालात वाढलेली ही असुरकन्या स्वप्नात एका अनोळखी तरुणाच्या प्रेमात पडते आणि जागी होऊन त्याच्यासाठी रडू लागते. सतराव्या शतकात ही कथा आख्यानात बांधणारा प्रेमानंद आमच्याच बडोद्याचा. बोटांतल्या अंगठ्यांनी तांब्याच्या घागरीवर, म्हणजे माणावर, ताल धरून तो लोकांना आख्यानं ऐकवायचा.

यंदा मासींचं वाचन चालू असताना माझी भाची माझ्याकडे राहायला होती. ती इथेच युनिव्हर्सिटीत शिकते. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर माणूस आणि राक्षसाच्या काळ्याकुट्ट प्रेमकथा वाचते आणि आता स्वतःही एक लिहायला घेतली आहे. तिच्या कथेतल्या मुलीच्या उशाशी रोज रात्री एक शिंगवाला येऊन बसतो. मुलीला सुटायचंही असतं आणि सुटायचं नसतंही. मला वही दाखवून तिनं हळूच विचारलं, "मावशी, ज्याची भीती वाटते तोच मला आवडतो. माझ्यात काही बिघाड आहे का गं?"

मी शरीरशास्त्र शिकवते, त्यामुळे तिला नुसतं 'नाही' म्हणून भागणार नव्हतं. शिवाय तो उशाशी येणारा मलाही एकदा भेटून गेला आहे.

तेव्हा मी वीस वर्षांची होते. बडोद्यात नवरात्राच्या नऊ रात्री कोणी झोपत नाही. गरब्याहून घरी यायला दोन-अडीच वाजायचे आणि सकाळी सातला कॉलेज. आठव्या दिवशी दुपारी मी माडीवर उताणी पडले आणि क्षणात झोप लागली. जाग आली तेव्हा डोळे उघडे होते, पंखा फिरताना दिसत होता, खाली आजी कोणाशी तरी बोलत होती तेही ऐकू येत होतं. पण बोटसुद्धा हलेना. मग जिन्यात कोणीतरी आहे हे कळलं. दिसलं नाही, नुसतं कळलं. ते वर आलं, पलंगाशी थांबलं आणि छातीवर बसलं. मी किंचाळत होते आणि तोंडातून आवाज निघत नव्हता. मिनिटभरात सगळं संपलं. वाड्यामागे पिंपळ होता, तेव्हा आजीच्या लेखी तो मुंजा ठरला. तिनं माझ्या उशाखाली लोखंडी अडकित्ता ठेवला.

त्या मिनिटात नेमकं काय झालं ते आता बरंच उलगडलं आहे. १९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेचा एक निराळा टप्पा नोंदवला. त्यात बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर हलत असतात आणि त्या वेळी उठवलं तर माणूस बहुधा स्वप्न सांगतो. या टप्प्याला रेम झोप म्हणतात. साधारण दर दीड तासानं ती येते आणि पहाटेकडे तिचा मुक्काम लांबतो. पुढे फ्रान्समधल्या मिशेल झुवे यांनी मांजरांवर प्रयोग करून दाखवलं की या झोपेत शरीराचे स्नायू मुद्दाम सैल केले जातात. मेंदूच्या देठात पॉन्स नावाचा भाग आहे. तिथून निघालेला आदेश मज्जारज्जूपर्यंत जातो आणि ग्लायसीन व गाबा ही रसायनं स्नायूंकडे जाणाऱ्या चेतापेशींना गप्प करतात. झुवे यांनी तो भाग निकामी केलेली मांजरं झोपेतच उठून नसलेल्या उंदरावर झडप घालायची. म्हणजे लुळेपणा हे आपलं संरक्षण आहे. तो नसता तर प्रत्येक स्वप्न आपण अंथरुणात हातपाय झाडत जगलो असतो.

कधी कधी या यंत्रणेची वेळ चुकते. जाणीव जागी होते, पण स्नायूंवरचं कुलूप अजून उघडलेलं नसतं. स्वप्न रंगवणारी केंद्रंही चालूच असतात, त्यामुळे उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या खोलीवरच स्वप्नाचा एक थर चढतो. याला निद्रा-पक्षाघात म्हणतात. तो विरळ मुळीच नाही. जगभरातल्या पाहण्या एकत्र करून २०११ साली काढलेल्या हिशोबानुसार, सर्वसामान्य लोकांपैकी सुमारे ८ टक्क्यांनी आयुष्यात एकदा तरी तो अनुभवलेला असतो, तर विद्यार्थ्यांमध्ये हे प्रमाण २८ टक्क्यांच्या आसपास जातं. जागरणं झाली की थकवा भरून काढायला रेम झोप लवकर आणि जोरात येते. सात रात्री गरबा खेळून दुपारी उताणी पडलेली मुलगी म्हणजे त्याला दिलेलं आवतणच.

छातीवर वजन का येतं, याचं उत्तर मला फार सुंदर वाटतं. रेम झोपेत श्वासपटल चालू राहतं, पण बरगड्यांमधले स्नायू ढिले पडतात. झोपलेल्याला याचा पत्ता नसतो. जागा झालेला माणूस घाबरून खोल श्वास घ्यायला जातो आणि छाती फुलत नाही. मेंदूला एवढंच कळतं की छाती दाबली जाते आहे. मग दाबणारा कोणीतरी हवाच, आणि तो त्याला लगेच सापडतो.

युरोपात या दाबणाऱ्याला फार जुनं नाव आहे, इन्क्युबस. रात्री येऊन निजलेल्या स्त्रीशी रत होणारा सैतान. पुरुषांकडे येणारी ती सक्युबस. भाची वाचते त्यातल्या कित्येक कथांचं मूळ या जोडीपर्यंत जातं. डच वैद्य ईसब्रांट फान डिमरब्रुक यांनी १६६४ साली पन्नास वर्षांच्या एका धडधाकट बाईची हकिगत छापली. रात्री तिला वाटायचं की आपल्यावर सैतान झोपला आहे, आणि त्या वेळी तिला हातपाय हलवता येत नसत. या व्याधीचं इतकं नेमकं वर्णन त्याआधी क्वचितच कोणी केलं असेल. चित्रकार फ्युसेलीनं १७८१ साली हेच दृश्य रंगवलं, बेशुद्धशी पडलेली तरुणी आणि तिच्या छातीवर उकिडवा बसलेला पिशाच्च. जपानात याला कानाशिबारी म्हणतात, म्हणजे धातूनं जखडल्यासारखं होणं. आपल्याकडे कुठे मुंजा, कुठे हडळ, कुठे खवीस.

नावाला महत्त्व नाही असं वाटेल, पण आहे. इजिप्त आणि डेन्मार्कमधल्या लोकांची तुलना करणाऱ्या अभ्यासात दिसलं की हा प्रकार जिन्नामुळे होतो असं मानणाऱ्या इजिप्तमधल्यांना तो जास्त वेळा आणि जास्त भयानक अनुभवावा लागतो. भीतीनं झोप बिघडते आणि बिघडलेली झोप पुन्हा त्यालाच घेऊन येते. आजीचा अडकित्ता मायेचा होता, पण त्यानंतरचा महिनाभर मी उशीवर डोकं टेकायला घाबरत होते.

इथवर फक्त भीतीच आली. प्रेम कुठून आलं?

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९९ साली शेकडो जणांचे अनुभव चाळून त्यांचे तीन गट पाडले. पहिल्यात खोलीत कोणी घुसल्याची जाणीव, दुसऱ्यात छातीवरचं दडपण, आणि तिसऱ्यात तरंगणं, उडणं, शरीराबाहेर जाणं. पहिले दोन भीतीशी बांधलेले होते. तिसऱ्या गटातल्या काहींनी मात्र आनंद वाटल्याचं सांगितलं, अगदी परमसुख म्हणावं असा. शिवाय रेम झोपेत अमिग्डाला हा मेंदूतला भावनांचा भाग जोरात असतो, सारासार विचार करणारा कपाळामागचा भाग मंदावलेला असतो आणि जननेंद्रियांकडचा रक्तप्रवाह वाढलेला असतो, मग स्वप्न कशाचंही असो. एकाच मिनिटात शरीर घाबरलेलंही असतं आणि प्रणयासाठी सज्जही.

हे समजल्यापासून मला मासींचं ओखाहरण निराळं ऐकू येऊ लागलं आहे. उषाची सखी चित्रलेखा एकेकाचं चित्र काढून दाखवते आणि कृष्णाचा नातू अनिरुद्ध दिसताच उषा लाजून मान खाली घालते. मग चित्रलेखा द्वारकेला जाते आणि निजलेल्या अनिरुद्धाला आकाशमार्गानं बाणासुराच्या शोणितपुरात आणते. पुढे बाणासुर त्याला नागपाशानं जखडतो. झोपेत तरंगणं, परक्या शय्येवर जाग येणं, अंग बांधलं जाणं. ही कथा निद्रा-पक्षाघातातूनच जन्मली असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. पण ती ऐकणाऱ्या कित्येकींनी यातलं काहीतरी स्वतःच्या अंगावर अनुभवलं असणार, आणि म्हणून ती त्यांना खोटी वाटली नसणार.

भीती आणि ओढ एकमेकांत कशी मिसळतात यावरचा नावाजलेला प्रयोग १९७४ सालचा आहे. कॅनडात कॅपिलानो नदीवर दरीपासून सुमारे ७० मीटर उंच लोंबकळणारा झुलता पूल आहे. डॉनल्ड डटन आणि आर्थर ॲरन यांनी तिथे पूल ओलांडणाऱ्या पुरुषांना एका तरुणीकरवी प्रश्न विचारले आणि तिनं त्यांना आपला फोन नंबर दिला. नंबर घेतलेल्या १८ जणांपैकी ९ जणांनी नंतर फोन केला. जवळच्याच ठेंगण्या, भक्कम पुलावरच्या १६ जणांपैकी फक्त दोघांनी. धडधडतं काळीज कशामुळे धडधडतंय हे आपण भोवतालावरून ठरवतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. आमच्या विश्वामित्री नदीच्या पुलांवर मगर दिसली की लोक गाड्या थांबवून कठड्याशी गर्दी करतात. त्यात एकमेकांचा हात घट्ट धरून उभी असलेली जोडपी पाहिली की मला कॅपिलानो आठवतं. मात्र याला मर्यादा आहे, आणि ती मी भाचीला ठासून सांगितली. १९८१ सालच्या प्रयोगांत दिसलं की समोरची व्यक्ती मुळात आवडण्यासारखी नसेल तर तीच धडधड तिचा तिटकारा वाढवते. भीती प्रेम निर्माण करत नाही. आधीपासून जे आहे त्याला ती आणखी भडकवते.

मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी तिखटाच्या आवडीचा अभ्यास करून एक कल्पना मांडली आहे. शरीर 'धोका, धोका' ओरडत असतं आणि मनाला ठाऊक असतं की धोका नाही. या दोन्हींमधल्या अंतरातच सुख आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या चेतातंतूंना फसवतं, मेंदूला तोंड भाजल्यासारखं वाटतं, आणि तरीही डोळ्यांतून पाणी गाळत आपण सेव-उसळीवर आणखी तर्री मागतो. डेन्मार्कमधल्या एका भयगृहात ११० जणांच्या हृदयाची गती मोजून २०२० साली छापलेल्या अभ्यासातही हेच आलं. सर्वांत जास्त मजा मध्यम भीतीतच वाटते. फार कमी भीती कंटाळवाणी असते आणि फार जास्त असह्य.

म्हणजे भाचीचा शिंगवाला तिला आवडतो तो पुस्तक मिटवता येतं म्हणूनच. प्रत्यक्षात ज्या मुलाची भीती वाटते, जो दार अडवून उभा राहतो, त्याच्या बाबतीत मिटायला पुस्तक नसतं. तिथे शरीराचं 'धोका' हे ओरडणं खरं असतं आणि ते ऐकायचंच असतं. भीमावर भाळलेल्या हिडिंबेलासुद्धा युधिष्ठिरानं अट घातली होती, दिवसभर त्याला कुठेही ने, रात्री मात्र परत आणून सोड. रात्री राक्षसांचं बळ वाढतं असं मानायचे, त्या काळी घातलेली ही अट मला फार शहाणपणाची वाटते.

ज्यांना हा अनुभव वारंवार येतो त्यांना माझं सांगणं सोपं आहे. झोपेच्या वेळा पाळा, उताणं न झोपता कुशीवर झोपा. लुळेपणा आला तर सगळं शरीर हलवायची धडपड करू नका. श्वास आपोआप चालतोय तसा चालू द्या, नजर फिरवा, पायाचं एखादं बोट हलवायचा प्रयत्न करा. दिवसाही अनावर झोप येत असेल किंवा हसताना गुडघ्यांतलं बळ जात असेल तर झोपेच्या डॉक्टरांना दाखवा, कारण तो नार्कोलेप्सी हा आजार असू शकतो.

एक गोष्ट मी भाचीला सगळ्यात शेवटी सांगितली. २००६ साली स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी अपस्माराच्या शस्त्रक्रियेआधी एका २२ वर्षांच्या तरुणीचा मेंदू तपासताना डाव्या कानाच्या वर-मागे असलेल्या भागाला सौम्य विद्युतप्रवाह दिला. लगेच तिला पाठीमागे कोणीतरी असल्यासारखं वाटलं. ती निजलेली तर तोही निजलेला. ती उठून गुडघे कवटाळून बसली तर तोही बसला आणि त्यानं तिला मिठी मारली. ती मिठी तिला नकोशी वाटली. हा भाग आपलं शरीर कुठे आहे याचा नकाशा सांभाळतो. नकाशा जरा सरकला होता आणि तिचंच शरीर तिला परकं होऊन भेटत होतं. निद्रा-पक्षाघातातही नकाशा असाच सरकत असावा, असा संशोधकांचा अंदाज आहे. स्नायूंना आदेश जातो, शरीर उत्तर देत नाही, आणि मेंदू त्या न हललेल्या शरीराला खोलीत दुसरीकडे कुठेतरी उभं करतो.

भाची बराच वेळ गप्प होती. भिंतीपलीकडे मासी नागपाशापर्यंत आल्या होत्या. मग तिनं वही ओढली आणि जिथे राक्षस पहिल्यांदा उजेडात येतो ते पान काढलं. शिंगं तशीच ठेवली. खाली एक ओळ वाढवली, त्याच्या डाव्या गालावर तीळ होता, तिच्या होता तिथेच.