दूरचित्रवाणी संचाचा पडदा : तंत्रप्रकार व निवड

विद्युत् संकेतांपासून चित्र उमटवणारा दूरचित्रवाणी संचाचा दर्शनी भाग. घरगुती वापरासाठी आज विकल्या जाणाऱ्या पडद्यांचे मूळ प्रकार दोनच आहेत : मागून येणारा प्रकाश कमीअधिक अडवून चित्र तयार करणारा द्रवस्फटिकी म्हणजे एलसीडी पडदा आणि प्रत्येक चित्रबिंदू (पिक्सेल) स्वतः प्रकाशणारा, कार्बनी डायोडांचा म्हणजे ओएलईडी पडदा. खोक्यावर छापलेली एलईडी, मिनी एलईडी व क्यूएलईडी ही नावे स्वतंत्र प्रकारांची वाटतात. प्रत्यक्षात तिन्ही पहिल्याच प्रकारात मोडतात. ग्राहकाची फसगत बहुधा इथेच होते. म्हणून या नोंदीत व्यापारी नावांपेक्षा प्रकाश कुठून येतो आणि काळा रंग कसा मिळतो, या दोन प्रश्नांना अधिक जागा दिली आहे.

पूर्वपीठिका : कार्ल फेर्डिनांट ब्राउन यांनी १८९७ मध्ये तयार केलेली ऋण किरण नलिका (सीआरटी, जुन्या जाडजूड संचांतील काचेची नळी) विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत संचाचा आधार होती. आयनद्रायू अर्थात प्लाझ्मा पडदा १९६४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो व रॉबर्ट विल्सन यांनी प्लेटो या संगणकशिक्षण प्रकल्पासाठी विकसित केला. तो स्वयंप्रकाशी असल्याने त्यातील काळा रंग गडद होता. पण वीज अधिक लागे व वजनही अधिक असे. २०१३–१४ च्या सुमारास प्रमुख उत्पादकांनी त्याचे उत्पादन थांबवले.

द्रवस्फटिक व अग्रक्रमाचा वाद : ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख रायनिट्झर यांना १८८८ मध्ये प्राग येथे कोलेस्टेरिल बेंझोएट हे संयुग दोनदा वितळताना आढळले : सुमारे १४५.५° से. तापमानाला त्याचा गढूळ द्रव झाला आणि सुमारे १७८.५° से. तापमानाला तो एकाएकी नितळ झाला. ही गढूळ अवस्था वाहती असूनही स्फटिकासारखी प्रकाशीय वागणूक दाखवते, हे ओटो लेमान यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले.

पडद्यासाठी या द्रव्याचा वापर करण्याचे श्रेय कोणाचे, यावर मतभेद आहेत. जॉर्ज हाइलमायर यांच्या नेतृत्वाखाली आरसीए कंपनीने १९६८ मध्ये जाहीर केलेला पडदा प्रकाश विखुरण्याच्या तत्त्वावर चाले. मात्र पुढे रूढ झालेली पद्धत वेगळी होती. तीत एकमेकांशी काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवकांच्या (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या पटलांच्या) मध्ये द्रवस्फटिकाचे रेणू ९०° पिळून रचलेले असतात. प्रकाश या पिळाबरोबर वळून दुसऱ्या ध्रुवकातून बाहेर पडतो. विद्युत् दाब दिला की पीळ सुटतो आणि प्रकाश अडतो. मार्टिन शाट व वोल्फगांग हेल्फ्रिख यांनी हॉफमन-ला रोश कंपनीतर्फे ४ डिसेंबर १९७० रोजी स्वित्झर्लंडमध्ये एकस्वासाठी (पेटंटसाठी) अर्ज केला आणि १९७१ च्या आरंभी शोधनिबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेत जेम्स फर्गसन यांनी त्याच कल्पनेसाठी एप्रिल १९७१ मध्ये अर्ज केला. आपले काम त्याआधीचे असल्याचे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकी कायदा त्या काळी प्रथम अर्जदारापेक्षा प्रथम संशोधकाला मान देई, त्यामुळे वाद चिघळला आणि अखेर तडजोडीने मिटला. हेल्फ्रिख आधी आरसीएतच असल्याने कल्पनेचे मूळ तिथे शोधणारेही आहेत. दिनांकित लेखी पुराव्यांचा विचार करता शाट–हेल्फ्रिख यांचा पक्ष अधिक सबळ दिसतो. फर्गसन यांचे काम स्वतंत्र होते हे मानण्यासही त्याने बाध येत नाही. सामान्य तापमानाला टिकणारी सायनोबायफेनिल संयुगे हल विद्यापीठातील जॉर्ज ग्रे यांनी १९७३ च्या सुमारास दिली. त्यांच्याशिवाय हा शोध प्रयोगशाळेबाहेर पडणे अवघड होते, आणि त्यांची आठवण फारशी काढली जात नाही ही उणीवच म्हणावी लागेल.

आजच्या संचांत पिळाची ही मूळ रचना क्वचितच असते. त्याऐवजी आयपीएस (इन-प्लेन स्विचिंग) व व्हीए (व्हर्टिकल अलाइनमेंट) या दोन रचना आढळतात. आयपीएसमध्ये रेणू पडद्याच्या प्रतलातच फिरतात. त्यामुळे बाजूने पाहिले तरी रंग टिकतात, पण प्रकाश थोडा झिरपत राहतो व उजेड-काळोखाचे गुणोत्तर १,००० : १ च्या आसपास राहते. व्हीए रचनेत ते ३,००० : १ किंवा अधिक असते, मात्र कडेला बसलेल्याला रंग फिके दिसतात. ही महत्त्वाची माहिती जाहिरातीत सहसा नसते.

पश्चप्रकाश : द्रवस्फटिकाला स्वतःचा प्रकाश नसतो. पूर्वी पडद्यामागे अनुस्फुरक (ट्यूबलाइटसारख्या) नळ्या असत, आता एलईडी म्हणजे प्रकाश देणारे बारीक डायोड असतात. एलईडी टीव्ही या नावाचा अर्थ एवढाच. दिवे कडेला असतील तर संच सडपातळ होतो, पण काळोख पडद्याच्या भागाभागांत नीट वेगळा राखता येत नाही. पडद्यामागे सर्वत्र दिवे लावून त्यांचे गट स्वतंत्रपणे मंद केल्यास काळा रंग सुधारतो. मिनी एलईडीमध्ये दिवे बारीक आणि गट पुष्कळ असतात. तरीही गट चित्रबिंदूपेक्षा मोठाच असल्याने काळ्या पार्श्वभूमीवरील पांढऱ्या अक्षरांभोवती धूसर प्रभा दिसते. अंधाऱ्या खोलीत उपशीर्षके वाचताना ती चटकन लक्षात येते.

क्यूएलईडीमध्ये निळ्या प्रकाशापुढे पुंज बिंदूंचा, म्हणजे क्वांटम डॉटचा थर असतो. काही नॅनोमीटर आकाराच्या या कणांचा रंग आकारावर ठरतो : लहान कण हिरवा आणि मोठे तांबडा प्रकाश देतात. यामुळे रंग शुद्ध होतात, काळा रंग अधिक काळा होत नाही. या कणांवरील कामासाठी माउंगी बावेंडी, लुई ब्रुस व अलेक्सेई येकिमोव्ह या शास्त्रज्ञांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. संशोधनपर लेखनात क्यूएलईडी ही संज्ञा विजेने थेट प्रकाशणाऱ्या पुंज बिंदूंसाठी वापरतात. व्यापारी वापर त्याहून भिन्न आहे.

ओएलईडी : चिंग टँग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी कोडॅक कंपनीत १० व्होल्टपेक्षा कमी दाबावर चालणारा दोन थरांचा कार्बनी डायोड बनवून १९८७ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला, कार्बनी संयुगांच्या विद्युत्-दीप्तीवरील (वीज दिल्यावर प्रकाशण्यावरील) प्रयोग त्याआधीचे आहेत. काळ्या जागी बिंदू विझतो, म्हणून प्रभा नाही. चित्र बदलण्यास लागणारा वेळही नगण्य असतो. मोठ्या पडद्यांत पांढऱ्या प्रकाशापुढे रंगगाळण्या वापरण्याची पद्धत आधी रूढ झाली. निळ्या ओएलईडीवर पुंज बिंदू बसवलेले संच २०२२ पासून मिळतात. बिंदू वापरानुसार झिजतात, त्यामुळे तासन्‌तास एकाच जागी राहणाऱ्या वाहिनीच्या चिन्हाची किंवा बातमीपट्टीची छाया कायमची उमटू शकते. झीज समतोल करण्याची प्रक्रिया संच रिमोटने बंद केल्यानंतर, वीजपुरवठा चालू असताना होते. भिंतीवरील बटण लगेच बंद करण्याच्या सवयीने ती होतच नाही.

मायक्रोएलईडी पडदे स्वयंप्रकाशी व अकार्बनी आहेत, पण घरगुती आकारात अजून रुळलेले नाहीत.

निवड : खोलीतील उजेड हा पहिला निकष धरावा. दिवसा उघड्या खिडकीसमोर ओएलईडीच्या काळ्या रंगाचा लाभ परावर्तनात हरवतो. तेथे अधिक तेजस्वी मिनी एलईडी सरस ठरतो. रात्री दिवे मालवून चित्रपट पाहणाऱ्याने ओएलईडीच घ्यावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दिवसभर वृत्तवाहिनी चालणार असेल किंवा संच संगणकाला जोडून ठेवायचा असेल, तर एलसीडी निर्धोक. पाहणारे अर्धवर्तुळात बसत असतील तर व्हीए टाळावा.

बिंदूंच्या संख्येबाबत साधे गणित पुरते. निरोगी डोळ्याला सुमारे एक कोनीय मिनिटाचा (एका अंशाच्या साठाव्या भागाचा) तपशील वेगळा ओळखता येतो. ५५ इंची पडद्याची रुंदी सुमारे १२२ सेंमी. असते, ४के पडद्यात तीवर ३,८४० बिंदू, म्हणजे दोन बिंदूंत सुमारे ०.३२ मिमी. अंतर. सुमारे १.१ मीटरपलीकडे ते एकमेकांत मिसळतात. याच आकारात, आडवे दुप्पट बिंदू असलेल्या ८केचा लाभ त्याहून जवळ बसणाऱ्यालाच मिळेल.

खोक्यावरील एचडीआर (उजेड-काळोखाचा अधिक विस्तृत पल्ला) हा शब्द बहुधा त्या प्रकारचा संकेत संच स्वीकारतो एवढेच सांगतो; तो दाखवण्याइतके तेज व काळोख पडद्यात आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. दुकानात संच बहुधा भडक रंगस्थितीत लावलेले असतात. विक्रेत्याला चित्रपटाची स्थिती लावायला सांगावी, काळ्या पडद्यावर सरकणारी पांढरी श्रेयनामावली दाखवायला सांगावी आणि ती एकदा समोरून व एकदा कडेला उभे राहून पाहावी. प्रभा, फिकटपणा व झिरपता प्रकाश तेवढ्यात दिसतो.