आंबट खोलीतून आत, आंबट खोलीतूनच बाहेर

जपानी मेंदूज्वराच्या विषाणूचा सारा संसार ५० नॅनोमीटरचा. आत सुमारे ११,००० अक्षरांचा आरएनएचा एकच धागा आणि त्यावर दहा प्रथिनांची कृती. बाहेर पेशीकडूनच उचललेला चरबीचा पडदा, आणि त्यावर ‘ई’ नावाच्या प्रथिनाचे १८० नग. क्युलेक्स विष्णुई गटातल्या डासिणी भातखाचरांत वाढतात, डुकरांचे आणि बगळ्या-ढोकऱ्यांचे रक्त पितात आणि अधूनमधून माणसालाही चावतात. माणसाच्या रक्तात हा विषाणू इतका थोडा आणि इतके थोडे दिवस असतो, की पुढच्या डासिणीला तो आपल्याकडून मिळत नाही.

ई प्रथिनापुढे एक पेच आहे. पेशीत शिरताना आम्ल लागताच त्याने आपला आकार मोडला पाहिजे. पेशीतून निघताना मात्र तशाच आम्लातून ते शाबूत बाहेर पडले पाहिजे.

आधी शिरकाव पाहू. विषाणू पेशीला चिकटला की पेशी त्याला क्लॅथ्रिनची जाळी गुंडाळलेल्या पिशवीतून आत ओढते. बाहेरून आलेला माल असाच आत घ्यायचा, हा तिचा रोजचा परिपाठ. मग ती पिशवीत प्रोटॉन भरत राहते आणि आतला सामू (तो जितका कमी तितके आंबट) ७.४ वरून ६ च्या आसपास उतरतो. तोवर ई प्रथिने जोडीजोडीने आडवी निजलेली असतात, एकूण ९० जोड्या. प्रत्येकाचे पाण्याला बिचकणारे टोक जोडीदाराच्या कुशीत दडलेले. सामू साडेसहाच्या खाली गेला की जोड्या फुटतात आणि टोके उघडी होऊन पिशवीच्या पडद्यात रुततात. मग तिघे-तिघे एकत्र येऊन कंबरेत दुमडतात. त्या ओढीने विषाणूचा आणि पिशवीचा पडदा एक होतो आणि आरएनए पेशीरसात उतरतो. तिघांची ही गाठ पुन्हा सुटत नाही. जवळ पडदा नसताना बाहेरच आम्ल लागले, तर तो कण कायमचा बाद. उलट, प्रयोगशाळेतल्या पेशींना अमोनियम क्लोराइड दिले की पिशवी आंबटच होत नाही आणि विषाणू आतच अडकून पडतो.

आरएनए मोकळा झाला की रायबोसोम तो थेट वाचू लागतो. सुमारे ३,४०० अमिनो आम्लांची एकसलग साखळी तयार होते. तिचे तुकडे काही ठिकाणी पेशीची कात्री करते, काही ठिकाणी विषाणूची स्वतःची कात्री, एनएस३ नावाचे प्रथिन. एनएस२बी हे दुसरे प्रथिन सोबतीला नसेल तर एनएस३ ची पाती नीट बसत नाहीत, म्हणून औषध शोधणाऱ्यांची नजर या जोडगोळीवर असते.

यापुढची नक्कल मात्र उघड्यावर करून चालत नाही. मूळ धाग्यावरून आधी उलटा धागा बनतो आणि काही काळ दोन्ही एकमेकांना चिकटलेले असतात. असा लांब दुपदरी आरएनए आपल्या पेशीरसात एरवी नसतो, आणि आरआयजी-१ सारखे पहारेकरी तो दिसताच इंटरफेरॉनची, म्हणजे शेजारच्या पेशींना सावध करणाऱ्या प्रथिनांची, हाकाटी पिटतात. म्हणून विषाणू पेशीच्या अंतर्द्रव्य जालिकेचा पडदा आत दाबून बारीक तोंडाचे खळगे करतो आणि त्यात नकला काढतो. नक्कल करणारे एनएस५ प्रथिन लिहिलेले तपासत नाही, त्यामुळे चुका राहतात. तेच प्रथिन नकलेच्या टोकाला आपल्या आरएनएसारखी टोपीही चढवते आणि इंटरफेरॉनचा निरोप पुढे जाऊ देत नाही. एका प्रथिनाने इतकी कामे करावीत, हा काटकसरीचा कळसच!

आता बाहेरची वाट. नवे कण जालिकेत बनतात आणि गॉल्जीतून, म्हणजे पेशीच्या माल रवाना करणाऱ्या दालनांतून, जातात. गॉल्जीचे शेवटचे दालनही आंबट, सामू ६ च्या आसपास. इथे ई ने टोक उघडले तर सगळे मुसळ केरात. म्हणून प्रत्येक ई वर ‘पीआरएम’ नावाचे झाकण बसवलेले असते. ताज्या कणावर या दोघांचे ६० काटे उभे दिसतात. आम्ल लागताच काटे आडवे होतात आणि झाकणाची शिवण वर येते. ती शिवण पेशीचेच फ्युरिन नावाचे विकर कापते. गंमत अशी, की कापलेले झाकण लगेच पडत नाही. कण बाहेरच्या सातच्या सामूत आला की मगच ते गळते. फ्युरिन नसलेल्या पेशींतून कण बाहेर पडतात, पण काटेरी, कच्चे आणि जवळपास निरुपयोगी.

विषाणू मेंदूत पोचला की चेतापेशी मरतात त्या काही विषाणूमुळे, काही मायक्रोग्लिया या मेंदूतल्या आपल्याच संरक्षक पेशींनी पेटवलेल्या दाहामुळे. मेंदूच्या मध्याशी असलेला थॅलॅमस हा भाग अनेकदा सापडतो. म्हणून एमआरआयवर तिथे दोन्ही बाजूंना डाग दिसतात, आणि बचावलेल्या काही मुलांना कंप, ताठरपणा राहतो. लक्षणे दिसेपर्यंत रक्तातला विषाणू बहुधा संपलेला असतो. त्यामुळे रक्ताची पीसीआर निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही, असे समजू नये. खरा भरवसा पाठीच्या कण्यातल्या पाण्यातल्या आयजीएम, म्हणजे संसर्गात आधी तयार होणाऱ्या, प्रतिपिंडांवर. आजाराच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत घेतलेला नमुनाही फसवू शकतो, म्हणून दहाव्या दिवसाच्या सुमारास रक्ताचा दुसरा नमुना घ्यावा.

उलटी चूकही होते. ई चे ते दडलेले टोक डेंग्यू आणि वेस्ट नाइल विषाणूंतही जवळजवळ तसेच असते. त्याच्यावर बेतलेली प्रतिपिंडे तिघांनाही ओळखतात, आणि डेंग्यूच्या हंगामात चाचणी गोंधळते. अशा वेळी तिन्ही विषाणू जिवंत पेशींवर सोडून पाहतात: रुग्णाच्या रक्तद्रवाची कितव्या पातळीकरणापर्यंतची मात्रा कुणाचे डाग (विषाणूने पेशी मारल्याच्या खुणा) निम्म्यावर आणते? ज्याला सर्वांत पातळ मात्राही पुरते, तो खरा गुन्हेगार.