‘व्हेकंट’ म्हणजे नुसते ‘एम्प्टी’ नव्हे

इंग्रजीतील ‘व्हेकंट’ आणि ‘एम्प्टी’ या दोन्ही शब्दांचा अर्थ ‘रिकामा’ असल्याने ते कोठेही एकमेकांऐवजी वापरता येतात, असे सांगणारा मजकूर अनेक वर्षे पुढे पाठवला जातो. मराठीत दोहोंसाठी एकच शब्द सहज चालत असल्यामुळे असा समज होणे स्वाभाविक आहे. तो पुरता चुकीचाही नाही, पण अपुरा आहे.

‘एम्प्टी’ हे विशेषण आत काय आहे हे पाहते, तर ‘व्हेकंट’ हे जागा कोणाच्या ताब्यात आहे हे पाहते. भाडेकरू सोडून गेला, मात्र पलंग, कपाटे, पडदे जागच्या जागी आहेत, असे घर ‘व्हेकंट’ असते, पण सामानाच्या दृष्टीने ‘एम्प्टी’ नसते. उलट, घरातील सगळे दिवसभर बाहेर गेले असतील, तर आत माणसे नाहीत या अर्थाने ते घर तेवढ्यापुरते ‘एम्प्टी’ म्हणता येते. ‘व्हेकंट’ मात्र म्हणता येत नाही. म्हणूनच विमानातील स्वच्छतागृहाच्या दारावर ‘व्हेकंट’ लिहिलेले असते. भरायचे राहिलेले पदही ‘व्हेकंट’च, पेला किंवा डबा मात्र ‘एम्प्टी’.

लाक्षणिक वापरातही हा फरक टिकतो: पोकळ आश्वासन ‘एम्प्टी’ असते, शून्यात लागलेली नजर ‘व्हेकंट’. (गंमत म्हणजे, ‘एम्प्टी’च्या जुन्या इंग्रजी रूपाचा एक अर्थ ‘सवड असलेला’ असा होता.)

पडताळणीसाठी विरुद्धार्थी शब्द लावून पाहावा. ‘फुल’ (भरलेला) जुळत असेल तर सहसा ‘एम्प्टी’, ‘ऑक्युपाइड’ (कोणाच्या ताब्यात असलेला) जुळत असेल तर ‘व्हेकंट’. शंका उरल्यास शब्दकोशातील उदाहरणवाक्ये पाहावीत, नुसता अर्थ नव्हे.