शांती (ख्रिस्ती संकल्पना आणि सोलापुरातील आचरण)

ख्रिस्ती श्रद्धेत शांती म्हणजे देवाशी समेट झाल्यावर माणसाला मिळणारी अंतःकरणाची स्वस्थता. निग्रहाने किंवा ध्यानाच्या अभ्यासाने साधायची अवस्था, असे बायबल तिच्याकडे पाहत नाही. ती देवाकडून मिळते आणि माणसाने ती विश्वासाने स्वीकारायची असते. प्रोटेस्टंट मंडळ्यांत (म्हणजे स्थानिक उपासकसमुदायांत) ती टिकवण्याचे मुख्य साधन शास्त्रवाचन व प्रार्थना हे मानतात; कॅथलिक परंपरेत त्यांच्या जोडीला मिस्सा (सामूहिक उपासनाविधी) आणि धर्मगुरूपुढे पापनिवेदनाचा संस्कार येतो. सोलापुरात या दोन्ही परंपरा आहेत, पण शहरातील मराठी ख्रिस्ती जीवनाला वळण लावले ते मुख्यत्वे अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट धर्मप्रचारकांच्या संस्थेने.

शास्त्रातील आधार : शांतीविषयीची बायबलमधली महत्त्वाची वचने अडचणीच्या प्रसंगी उच्चारलेली आहेत. ‘मी आपली शांती तुम्हांला देतो’ असे येशू शिष्यांना म्हणाला ते शेवटच्या भोजनाच्या रात्री (योहान १४), आणि त्यानंतर काही तासांतच त्याला अटक झाली. ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ असे फिलिप्पै नगरातल्या मंडळीला लिहिताना प्रेषित पौल स्वतः बंदिवासात होता. सर्व बुद्धिसामर्थ्यापलीकडची देवाची शांती तुमच्या अंतःकरणाचे रक्षण करील, असे तो पुढे सांगतो. पौलाची सुटका होईल असे आश्वासन या वचनात नाही. वाचकाच्या नजरेतून नेमकी हीच गोष्ट निसटते.

या शांतीला नैतिक बाजूही आहे. अर्पण घेऊन वेदीपाशी आल्यावर भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट कर, असे डोंगरावरील प्रवचन बजावते (मत्तय ५). म्हणून भावकीतला जमिनीचा वाद तसाच चालू ठेवून घरी बसून मन शांत करता येईल, ही कल्पना या परंपरेला मान्य नाही. शांती नसताना ‘शांती, शांती’ म्हणणाऱ्या धर्मगुरूंवर यिर्मया संदेष्टा कडाडून टीका करतो. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात तर येशू आपण शांतता आणायला नव्हे, तर तलवार चालवायला आलो असे म्हणतो. पुढच्या ओळींत तो घरातल्याच माणसांत पडणाऱ्या फुटीविषयी बोलतो. ज्यांच्या घरात धर्मांतराने अशी फूट पडली, त्यांना या वचनाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागला नसेल.

विलापालाही या शांतीत जागा आहे. बायबलमधल्या १५० स्तोत्रांपैकी पुष्कळ स्तोत्रे सरळ गाऱ्हाणी आहेत. ८८ वे स्तोत्र अंधारातच संपते, शेवटी दिलाशाची एकही ओळ नाही. वधस्तंभावर येशूच्या तोंडी ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे शब्द आले, ते २२ व्या स्तोत्राच्या आरंभीचे. प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने हा भाग कळीचा आहे, कारण लोकप्रिय प्रवचनांत तोच सर्वांत आधी गळतो. रडणे म्हणजे विश्वास कमी पडणे, ही समजूत शास्त्राची नव्हे.

परंपरा : देवा, तुझ्यात विसावल्यावाचून आमचे हृदय अस्वस्थच राहते, या आशयाचे ख्रिस्ती धर्माचार्य ऑगस्टीनचे आत्मकथनातील वाक्य चौथ्या शतकाच्या अखेरचे आहे. बाराव्या शतकात कार्थुसियन पंथाचा मठवासी दुसरा गिगो याने शास्त्रवाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि निदिध्यास. सोळाव्या शतकात जेझुइट या कॅथलिक संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने दिवसाअखेर मनाचा झाडा घेण्याची शिस्त घालून दिली. मात्र आत्म्याने सारे प्रयत्न सोडून निष्क्रिय व्हावे, ही मिगेल दे मोलिनोसची शिकवण रोमच्या चर्चने १६८७ मध्ये निषिद्ध ठरवली.

मराठीत या आशयाला काव्यरूप लवकर मिळाले. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स याचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण गोव्यात १६१६ मध्ये छापले गेले. मिशनरी विल्यम केरीच्या श्रीरामपूर (बंगाल) येथील छापखान्यातून मराठी नवा करार १८११ मध्ये बाहेर पडला. पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) मूळ हिब्रू व ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले, तेही साध्या बायाबापड्यांना कळावे म्हणून. हे काम झाले ते केडगाव पुणे–सोलापूर लोहमार्गावरच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचा बाप्तिस्मा १८९५ चा. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची भावना होती. त्यांच्या अभंगांमुळे आणि भजनांमुळे मराठी मंडळ्यांत शांतीची भाषा परकी राहिली नाही. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या ख्रिस्ती उपासनेत टाळ-मृदंगावर अभंग उठतो, याचे नवल वाटायला नको. ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा तर टिळकांच्याही आधीची, एकोणिसाव्या शतकातल्या अहमदनगरकडची.

सोलापूर : मुंबईहून निघालेली रेल्वे सोलापूरला १८६० मध्ये पोहोचली आणि त्याच दशकात अमेरिकन मराठी मिशनने येथे ठाणे केले. १८७६–७८ च्या दुष्काळाची या भागाला जबर झळ बसली. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे सोलापूरकरांची ‘जुनी गिरणी’, उभी राहिली आणि शहर कामगारांचे झाले. मिशनच्या शाळा व मंडळ्या वाढल्या त्या या परिस्थितीत. ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या, म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन’ (मत्तय ११) हे वचन पाळी संपवून आलेल्या माणसाच्या कानी पडते तेव्हा त्यातला ‘कष्टी’ शब्द शब्दशः घेतला जातो.

या इतिहासाला एक अवघड पानही आहे. ब्रिटिश सरकारने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसवले, आणि त्या सेटलमेंटचा कारभार काही काळ मिशनकडे होता. शाळा आणि दवापाणी तिथे आले, पण हजेरी आणि कुंपणही होतेच. कैदेत ठेवलेल्या लोकांना अंतःकरणाच्या शांतीचा उपदेश कैदेच्या व्यवस्थेचाच एक भाग असलेल्यांनी करावा, यातला विरोधाभास झाकता येत नाही. बंदिवानांना सुटका जाहीर करण्यासाठी आपल्याला पाठवले आहे, असे येशू नासरेथच्या सभास्थानात वाचून दाखवतो (लूक ४). सेटलमेंटमध्ये ते वचन कसे ऐकले गेले असेल, हा प्रश्न उरतोच. गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. शहरात ‘सेटलमेंट’ हे नाव मात्र आजही चालते.

मिशनच्या परंपरेतल्या मंडळ्या १९७० मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. कॅथलिक ख्रिस्ती पुणे धर्मप्रांतात मोडतात. अलीकडे स्वतंत्र प्रार्थनामंडळ्याही निघाल्या आहेत. शहर मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषांत बोलते. साहजिकच उपासना मराठीत आणि घरातली प्रार्थना तेलुगूत, अशीही कुटुंबे सापडतात.

आचरण : एकट्याने मुकाट्याने वाचण्यापेक्षा मोठ्याने आणि चारचौघांत वाचणे, ही इथल्या शास्त्रवाचनाची जुनी रीत. अक्षरओळख नसलेल्या पिढ्यांना शास्त्र मिळाले ते कानांनी; म्हणून २३ वे स्तोत्र (‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’) कित्येक आज्यांना तोंडपाठ. संध्याकाळी दिवे लागल्यावर कुटुंबप्रार्थना होते : एक गीत, एक अध्याय, मग वडीलधाऱ्यांपैकी कुणाची तरी प्रार्थना. तीत आजाऱ्यांची, परीक्षेला बसलेल्यांची आणि रुसून गेलेल्या नातेवाइकांचीही नावे येतात. पाळक (मंडळीचे धर्मगुरू) घरभेटीला आले की चहाआधी वचन वाचले जाते. मंडळीतल्या बाया घरोघरच्या प्रार्थनासभांत ‘साक्ष’ देतात, म्हणजे आपल्या आयुष्यात देवाने काय केले ते उभे राहून सांगतात. साक्ष कधी फार लांबते, कधी शेजारणीच्या साक्षीशी तिची चढाओढही लागते. तरी मनातले बोलायला बाईला हक्काची जागा मिळते, हे तिचे मोल कमी नाही. शुभ शुक्रवारी वधस्तंभावरील सात उद्गारांवर प्रवचने होतात. मरणाच्या घरी योहानाचा चौदावा अध्याय हमखास वाचतात.

३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेनंतर नव्या वर्षासाठी ‘वचन’ काढायची प्रथा पुष्कळ मंडळ्यांत आहे. चिठ्ठीवर किंवा कार्डावर एकच ओळ असते, आणि ती वर्षभर दारामागे किंवा मोबाइलच्या पडद्यावर राहते. या प्रथेतला जिव्हाळा खरा आहे. अडचण येते ती ओळ संदर्भातून सुटते तेव्हा. यिर्मयाचे ‘तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत’ (२९:११) हे वचन अशा कार्डांवर फार आवडते. पण ते बाबेलात (बॅबिलोनमध्ये) हद्दपार झालेल्या यहुद्यांना लिहिलेल्या पत्रात आहे, आणि त्याच पत्रात सुटकेला ७० वर्षे लागतील असे आधीच सांगितले आहे. मधल्या काळात काय करायचे? घरे बांधा, मळे लावा, आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या शांतीतच तुमची शांती आहे. कार्डावर खरे तर त्याच अध्यायातले हे सातवे वचन (२९:७) छापायला हवे.

श्रद्धा आणि उपचार : मनाच्या आजाराला केवळ प्रार्थनेचा उपाय सांगणारे उपदेशक सर्वत्र आहेत, तसे इथेही. शास्त्रातले एलीया संदेष्ट्याचे उदाहरण त्यांच्या विरोधात जाते. जिवाला कंटाळून ‘आता माझा प्राण घे’ म्हणत तो रानात झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, भाकरी आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले (१ राजे १९). देवाचा मंद वाणीतला संवाद त्यानंतरचा, होरेब डोंगरापर्यंतच्या चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतरचा. झोप उडणे, भूक मरणे, जगणे नकोसे वाटणे ही लक्षणे दिसली तर समंजस पाळक प्रार्थना करतात आणि डॉक्टरकडेही पाठवतात. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मिळते.