पिंगळ्याची वीण : घराजवळून निरीक्षण

पिंगळा (शास्त्रीय नाव अथीनी ब्रामा) हे माणसाच्या वस्तीत सर्रास आढळणारे लहान घुबड. लांबीने साळुंकीपेक्षाही किंचित कमी, जेमतेम २१ सेंमी., पण अंगाने गुबगुबीत. पाठ करडी-तपकिरी, तिच्यावर पांढरे ठिपके, पिवळे डोळे आणि त्यांवर पांढऱ्या भुवया. गावाबाहेरची चिंच, वाड्याची पडकी भिंत, शाळेचे कौलारू छप्पर, सोसायटीच्या कुंपणालगतचा जुना गुलमोहर अशा जागी त्याची जोडी वर्षानुवर्षे राहते आणि तिथेच पिले वाढवते. त्यामुळे घुबडाचे कुटुंब खिडकीतून किंवा गच्चीवरून पाहायचे असेल, तर महाराष्ट्रात आधी पिंगळाच भेटतो. पिंगळ्याखालोखाल गव्हाणी घुबड. शृंगी घुबड दगडखाणीत आणि ओढ्याकाठच्या दरडींत अंडी घालते. ते गावाजवळ असते, घराजवळ क्वचितच. रानपिंगळा तर वेगळाच प्राणी. १८८४ नंतर तो कोणाला दिसलाच नव्हता. १९९७ साली अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडला. अंगणातल्या पिंगळ्याला ‘रानपिंगळा’ ठरवून पाठवलेली छायाचित्रे अभ्यासकांकडे अजूनही येतात.

ढोली

पिंगळा स्वतः लाकूड कोरत नाही. फांदी मोडून कुजल्यावर झालेली ढोली, तांबट किंवा सुतारपक्ष्याने कोरून सोडलेले आणि पुढे मोठे झालेले भोक, दगडी भिंतीतली सांदी, वाशाच्या टोकाची पोकळी यांपैकी मिळेल ती जागा तो धरतो. याच जागांवर साळुंक्या आणि पोपटांचाही डोळा असतो, म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरात ढोलीच्या तोंडाशी भांडणे ऐकू येतात. आतमध्ये फारशी सजावट नसते. आधीच्या भाडेकरूने ठेवलेला काडीकचरा असतो, त्यात पिंगळा कधी थोडी पाने-पिसे घालतो.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पिंगळ्याला लागते ते सगळे माणसाच्या दुर्लक्षातून तयार झालेले असते : न बुजवलेले भोक, न तोडलेली वाळकी फांदी, कोणी न राहणारा वाडा. नीटनेटक्या, गिलावा केलेल्या, दरवर्षी छाटणी होणाऱ्या आवारात खायला उंदीर-झुरळे भरपूर असली, तरी अंडी घालायला जागा नसते.

हंगाम

वीण नोव्हेंबर ते एप्रिल. सुरुवात आवाजाने होते. सूर्यास्तानंतर लगेच आणि पुन्हा पहाटे जोडी एकमेकांच्या आवाजात आवाज मिसळून चिरकते. कर्कश ‘चिर्र-चिर्र, चिवक-चिवक’ असा हा गलका नवख्याला भांडणाचा वाटतो. दिवसा तीच दोघे एका फांदीवर खांद्याला खांदा लावून बसलेली दिसतात. एकजण मान खाली घालतो, दुसरा चोचीने त्याच्या डोक्याची पिसे विंचरतो. मग पाळी बदलते. चोचीत चोच धरणे आणि नराने मादीला भक्ष्य आणून देणे हाही याच दिवसांतला प्रकार.

त्यानंतर जोडीतला एकच पक्षी बाहेर दिसू लागतो. निरीक्षकाच्या दृष्टीने हा कंटाळवाणा महिना, पण सर्वांत नाजूकही हाच. ढोलीत सहसा तीन-चार पांढरीशुभ्र, जवळजवळ गोल अंडी असतात. सगळी अंडी घालून होण्याआधीच उबवणे सुरू होते, म्हणून पिले एकाच दिवशी बाहेर येत नाहीत. थोरले आणि धाकटे यांच्या आकारात ठळक फरक राहतो. अन्न कमी पडले तर फटका धाकट्याला बसतो. अंडी तीन-चार असली तरी उडण्याच्या वयापर्यंत पुष्कळदा एक-दोनच पिले पोचतात.

पिले निघाल्याची खूण म्हणजे वाढलेल्या खेपा. संधिप्रकाशात पालक तारेवरून किंवा खांबावरून जमिनीवर झेपावतो, काहीतरी उचलतो, थेट ढोलीत शिरतो आणि क्षणात बाहेर येतो. सुरुवातीला झुरळे, भुंगे, नाकतोडे, पतंग. पिले मोठी होतील तसे पाली, सरडे, उंदीर. रस्त्यावरच्या दिव्याखाली जमणारे किडे हे तर पिंगळ्याचे आयते ताट. दुर्बिणीतून पाहिले तर चोचीत लोंबणारी शेपटी पालीची की उंदराची हेही कळते. पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात डॉ. सतीश पांडे आणि सहकाऱ्यांनी पिंगळ्याच्या विणीचा अभ्यास केला आहे. उंदीर भरपूर मिळाले की पिले जगण्याचे प्रमाण वाढते आणि वस्तीजवळच्या घरट्यांना त्याचा फायदा होतो, हे अशा अभ्यासांतून दिसले आहे.

साधारण तीन आठवड्यांची पिले ढोलीच्या तोंडाशी येऊन बसतात. येथून पुढचे दोन आठवडे पाहण्याजोगे. भक्ष्याकडे, कुत्र्याकडे, आपल्याकडे पाहताना पिलू डोके गोल फिरवते, खाली-वर करते, एका बाजूला कलते. घुबडाचे डोळे खोबणीत जवळपास घट्ट बसवलेले असतात. नजर फिरवायची तर मान फिरवावी लागते. मानेत १४ मणके असल्याने ती सुमारे २७० अंशांपर्यंत वळते. डोके हलवून तीच वस्तू दोन-तीन कोनांतून पाहिली की तिच्या अंतराचा अंदाज बांधता येतो. लोकांना गंमत वाटणारा हा नाच खरे तर मोजमापाचा असतो.

झाडाखालची जमीन

अंधारात जे दिसत नाही ते सकाळी झाडाखाली सापडते. घुबड लहान भक्ष्य अख्खे गिळते आणि न पचलेला भाग काही तासांनी गोळी करून तोंडावाटे टाकते. पिंगळ्याची गोळी छोटी आणि ठिसूळ. बोटाने फोडली की भुंग्यांच्या पाठीची चकचकीत टणक कवचे, नाकतोड्याचे पाय, क्वचित विंचवाची नांगी निघते. गव्हाणी घुबडाची गोळी अंगठ्याएवढी, ताजी असताना काळी, चकचकीत. आत राखाडी केसांत गुंडाळलेल्या उंदराच्या आणि चिचुंद्रीच्या अख्ख्या कवट्या. गोळी हाताळताना हातमोजे घालावेत आणि गोळ्या घरट्याच्या थेट खाली जाऊन रोज गोळा करू नयेत.

गव्हाणी घुबड

पांढरा, बदामाच्या आकाराचा चेहरा असलेले हे घुबड शहरात इमारतीच्या डक्टमध्ये, वातानुकूलन यंत्राच्या मागे, बंद माळ्यावर, जुन्या विहिरीच्या कपारीत वीण करते. हंगाम पिंगळ्याइतका ठरलेला नाही. अंडी चार ते सात, उबवणे महिनाभराचे, आणि पिले उडायला पुढे दोन महिने. एवढा काळ डक्टमधून रात्रभर फुसफुस आणि घोरल्यासारखा आवाज येत राहतो, खाली विष्ठेचा वास. तक्रार होणारच. पांढऱ्या पिसांची, लांब तोंडाची, उभी राहून टक लावणारी पिले पाहून लोक घाबरतातही : २०१७ साली विशाखापट्टणम येथील अशा पिलांची चित्रफीत ‘परग्रहवासी’ म्हणून देशभर फिरली होती.

त्या फुसफुशीत अर्थ असतो. स्वित्झर्लंडमध्ये जीवशास्त्रज्ञ अलेक्सांद्र रूलँ यांनी दाखवले की आईबाप दूर असतानाही पिले एकमेकांना उद्देशून आवाज करतात. ज्याला भूक जास्त ते जास्त वेळ ओरडते, आणि पोट भरलेले भावंड गप्प राहून पुढचा उंदीर त्याला सोडते. या घुबडाच्या कानांची उंची डाव्या-उजव्या बाजूला सारखी नसते, त्यामुळे आवाज नेमका कुठून आला हे त्याला कळते. पूर्ण अंधारात केवळ आवाजावरून ते उंदीर पकडते, हे अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रॉजर पेन यांनी प्रयोगाने सिद्ध केले. (पुढे हेच पेन देवमाशांच्या गाण्यांसाठी प्रसिद्ध झाले.) मलेशियातील तेलताडाच्या मळ्यांत आणि इस्रायलच्या शेतांत उंदरांवर उपाय म्हणून या घुबडासाठी मुद्दाम पेट्या बसवतात.

समजुती

घुबड ओरडले की घरात अशुभ घडते हा समज महाराष्ट्रात खोलवर आहे. दुसरीकडे, पहाटे कंदील घेऊन दारोदार फिरणारा, भविष्य सांगणारा लोककलावंत पिंगळा याच पक्ष्याची भाषा जाणत असल्याचे मानतात. एक समज मात्र घुबडाच्या पथ्यावर पडला आहे : घुबडाला दगड मारला तर ते तो झेलून पाण्यात टाकते आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजत जातो. या भीतीने कित्येक पिंगळे पोरांच्या नेमबाजीतून वाचले असतील. २०१० साली वन्यजीवांच्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या ट्रॅफिक इंडिया या संस्थेच्या पाहणीत भारतातील ३० पैकी १५ जातींची घुबडे बाजारात आढळली. दिवाळीच्या सुमारास तंत्रमंत्रासाठी मागणी वाढते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घुबड पकडणे, विकणे, त्याची अंडी काढणे गुन्हा आहे. पुरंदर तालुक्यातील पिंगोरी येथे इला फाउंडेशनने २०१८ मध्ये घुबड महोत्सव भरवला, त्यात शाळकरी मुलांची चित्रे आणि हस्तकला होत्या. अंधश्रद्धेवरच्या कोरड्या व्याख्यानांपेक्षा ही वाट चांगली.

पाहताना

सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास एका जागी बसावे आणि रोज त्याच जागी बसावे. पक्षी जागेला सरावतात. पिंगळा अंग चोरून बारीक झाला, एकटक पाहत डोके खाली-वर करू लागला किंवा भक्ष्य चोचीत धरून ढोलीत जायचा थांबला, तर आपण फार जवळ आहोत. विजेरी ढोलीत मारणे, फ्लॅश, ध्वनिफीत वाजवून बोलावणे, छायाचित्रासाठी आडव्या डहाळ्या कापणे या चारही गोष्टी पिलांच्या जिवावर बेतू शकतात. घरट्याचा पत्ता समाजमाध्यमांवर टाकणे त्याहून वाईट. दुसऱ्या दिवशी मोठ्या भिंगांची रांग लागते, आणि कधीकधी पकडणाराही त्याच पत्त्यावर येतो.

जमिनीवर सापडलेले पिलू बहुधा अनाथ नसते. पिंगळ्याची पिले नीट उडता येण्याआधीच ढोलीबाहेर पडतात आणि पालक त्यांना खालीही भरवतात. कुत्र्या-मांजरांचा धोका असेल तर पिलू उचलून जवळच्या फांदीवर ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते हा गैरसमज. पाणी किंवा दूध पाजू नये. जखमी असेल तर खोक्यात, अंधारात ठेवून वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. दिवसा उघड्यावर आलेल्या घुबडाला कावळे घेरतात, तेव्हा त्यांना हाकलण्यापेक्षा घुबडाला आडोसा मिळेल असे पाहावे.

धोक्यांत पहिला उंदीर मारण्याचे औषध. ब्रोमाडायोलोनसारख्या विषाने उंदीर लगेच मरत नाही. तो दोन-चार दिवस मंदावलेला फिरतो, घुबडाला सहज सापडतो आणि विष पिलांपर्यंत जाते. ज्या आवारात घरटे आहे तिथे पिंजरा लावावा. दुसरा नायलॉन मांजा : राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली बंदी घातली तरी संक्रांत पिंगळ्याच्या ऐन विणीत येते आणि झाडांत अडकलेला दोरा महिनोन्‌महिने तसाच राहतो. तिसरी छाटणी. नगरपालिकांची पावसाळ्यापूर्वीची छाटणी एप्रिल-मेमध्ये चालते; धोकादायक म्हणून पहिल्यांदा तोडतात ती वाळकी फांदी, आणि ढोली असते नेमकी तिच्यात. उशिराची पिले तेव्हा आतच असू शकतात. शहरी भागातील झाडाला हात लावायचा तर १९७५ च्या वृक्ष जतन कायद्यानुसार परवानगी लागते. त्या अर्जातच घरट्याची नोंद लेखी द्यावी. भिंतीची भोके बुजवणे, माळा बंद करणे ही कामे पावसाळा ओसरल्यावर, दिवाळीच्या आत उरकावीत, आणि डक्टला जाळी ठोकण्यापूर्वी आत गव्हाणी घुबडाची पिले नाहीत हे पाहून घ्यावे.