पोग्बाची पट्टी

बाजार समितीत माल विकून परतणाऱ्या शेतकऱ्याच्या खिशात एक कागद असतो, त्याला पट्टी म्हणतात. वर वजन आणि भाव, खाली हमाली, तोलाई अशी कापाकापी, आणि शेवटी हातात पडणारी रक्कम. जुलै २०१६ पर्यंत महाराष्ट्रात फळं-भाजीपाल्याच्या पट्टीवर अडत, म्हणजे मधल्या अडत्याची दलालीही, शेतकऱ्याच्याच पैशातून कापली जायची. त्या महिन्यात सरकारने ती खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं. पुढच्याच महिन्यात इटलीतल्या युव्हेंटस क्लबकडून एक फुटबॉलपटू इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेडकडे गेला. त्या सौद्याची पट्टी कुणी लिहिली असती, तर तिच्यावर अडत तीन जागी दिसली असती.

खेळाडू पॉल पोग्बा. किंमत १० कोटी ५० लाख युरो, तेव्हाचा जागतिक विक्रम. एजंट मिनो रायोला, जो नेदरलँड्समधल्या हारलेम गावात वडिलांच्या पिझ्झाच्या हॉटेलात काम करत मोठा झाला. २०१७ साली ‘फुटबॉल लीक्स’मधून फुटलेल्या कागदपत्रांच्या आधारे आलेल्या बातम्यांनुसार त्याला विकणाऱ्या युव्हेंटसकडून सुमारे २ कोटी ७० लाख युरो मिळाले, घेणाऱ्या युनायटेडकडून १ कोटी ९४ लाख, आणि ज्याच्यासाठी तो काम करत होता त्या पोग्बाकडून २६ लाख. फुटबॉलची जागतिक संघटना असलेल्या फिफाने चौकशी केली, पण युनायटेडवर कारवाई केली नाही. युव्हेंटसच्या स्वतःच्या निवेदनातही १०.५ कोटींच्या या सौद्यातून सगळे खर्च वजा जाता झालेला फायदा सुमारे ७.२६ कोटीच दाखवला आहे.

हे आकडे वाचल्यावर पहिला शब्द तोंडात येतो तो लोभ. पण लोभ सगळ्याच धंद्यांत असतो. इथे पाहायचं ते हे, की पोग्बाच्या माणसाला पोग्बाकडून मिळालेली रक्कम एकूण कमाईच्या जेमतेम वीसावा हिस्सा होती. उरलेले पैसे ज्यांच्याशी त्याने पोग्बासाठी घासाघीस करायची, त्यांनीच दिले.

अर्थशास्त्रात याला ‘मालक आणि मुखत्यार’ यांचा प्रश्न म्हणतात. आपलं काम आपण दुसऱ्यावर सोपवतो. तो नेमकं काय करतो ते आपल्याला पूर्ण दिसत नाही, आणि त्याचा फायदा आपल्या फायद्याशी तंतोतंत जुळत नाही. अशा वेळी करार कसा बांधावा, याच्या अभ्यासासाठी ऑलिव्हर हार्ट आणि बेंग्ट होल्मस्ट्रॉम यांना नोबेल मिळालं, तेही ऑक्टोबर २०१६ मध्ये, पोग्बाच्या सौद्यानंतर दोनच महिन्यांनी.

या प्रश्नाचं मोजमाप करणारा एक सुंदर अभ्यास घरांच्या दलालांवर झाला आहे. अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हरसन यांनी शिकागो परिसरातल्या सुमारे एक लाख घरांच्या विक्रीची आकडेवारी तपासली. त्यातली काही घरं दलालांची स्वतःची होती. गिऱ्हाइकाच्या तशाच घरापेक्षा दलालाचं स्वतःचं घर ३.७ टक्के जास्त किमतीला विकलं गेलं, आणि त्यासाठी दलाल साडेनऊ दिवस जास्त थांबले. दलालीच्या टक्क्यांत पाहिलं तर हे सरळ आहे. गिऱ्हाइकाचं घर दहा हजार डॉलरने महाग विकलं, तर दलालाच्या वाट्याला त्यातले शेदोनशे डॉलर येतात. तेवढ्यासाठी आणखी दहा दिवस कोण थांबेल? म्हणून तो म्हणतो, आलेली ऑफर चांगली आहे, घेऊन टाका.

फुटबॉलमध्ये हेच गणित आणखी बिघडतं. घर एकदा विकलं की विषय संपतो, पण खेळाडू पुन्हा विकता येतो. दर बदलीला नवा करार, दर कराराला नवी दलाली. बावीस वर्षांच्या मुलासाठी त्याच प्रशिक्षकाच्या हाताखाली आणखी तीन वर्षं घालवणं कदाचित सगळ्यात शहाणपणाचं असेल, पण त्या शहाणपणावर एजंटला फारसं काही मिळत नाही.

एजंटच्या हातात एवढी ताकद आली ती एका बेल्जियन खेळाडूच्या खटल्यामुळे. जाँ-मार्क बोसमनचा करार संपला होता, तरी लिएज क्लब त्याला पैसे घेतल्याशिवाय सोडायला तयार नव्हता. १५ डिसेंबर १९९५ ला युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की करार संपलेला खेळाडू मोकळा आहे. निकाल न्यायाचाच होता. त्याआधी खेळाडू क्लबच्या दावणीला बांधलेला असायचा. पण या निकालामुळे करार संपण्याच्या तारखेला किंमत आली. क्लबला द्यायचे पैसे वाचले, की ते खेळाडूचा पगार, सही करण्याचा बोनस आणि दलाली यांत वाटले जातात. जानलुईजी दोन्नारुम्मा सोळाव्या वर्षी इटलीतल्या मिलान क्लबच्या गोलपोस्टमध्ये उभा राहिला. त्याचा एजंट रायोलाच होता. २०२१ मध्ये करार संपला आणि बावीस वर्षांचा हा गोलरक्षक पॅरिसच्या क्लबकडे गेला. मिलानला एक युरोही मिळाला नाही. त्याच वर्षी जुलैत लंडनच्या वेम्बली मैदानावर इटली युरो चषक जिंकली आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

पोग्बाचंही तेच. २०१२ मध्ये तो करार संपवून, नाममात्र भरपाईवर, युनायटेडकडून युव्हेंटसला गेला होता. चार वर्षांनी युनायटेडने त्यालाच विक्रमी किमतीला परत घेतलं. २०२२ मध्ये तो पुन्हा करार संपवून युव्हेंटसलाच गेला, फुकट.

एजंटचा प्रभाव एका खेळाडूपुरता राहत नाही तेव्हा तो कसा दिसतो, हे इंग्लंडच्या वुल्व्हरहॅम्प्टन क्लबमध्ये कळलं. २०१६ मध्ये चीनच्या फोसुन समूहाने हा क्लब घेतला. पोर्तुगीज एजंट जोर्ज मेंडेस यांच्या धंद्यातही फोसुनच्या एका कंपनीची भागीदारी होती. पुढच्या वर्षी प्रशिक्षक म्हणून आले नुनो एस्पिरितो सांतो, मेंडेस यांचे पहिलेवहिले अशील. पोर्तुगालच्या पोर्टो क्लबकडून चॅम्पियन्स लीग ही युरोपातली सर्वोच्च क्लब स्पर्धा खेळलेला वीस वर्षांचा रुबेन नेवेस इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत खेळायला आला, तोही मेंडेस यांचाच. संघ ९९ गुण मिळवून पहिल्या श्रेणीत, म्हणजे प्रीमियर लीगमध्ये, चढला. लीगने पाहणी केली आणि नियमभंग झाला नसल्याचं सांगितलं. प्रेक्षकांना उत्तम फुटबॉल मिळालं, हे मान्य. तरी खेळाडू विकणारा आणि क्लबचा मालक यांचे धागे असे गुंतावेत, हे मला खटकतं. इतर क्लबांच्या मालकांनाही ते खटकलं होतं.

२०१५ मध्ये फिफाने एजंटांची परवाना परीक्षाच रद्द करून टाकली होती. पुढची आठ वर्षं जवळजवळ कुणीही हा धंदा करू शकत होता. २०२३ मध्ये परीक्षा परत आली. एप्रिलच्या पहिल्या फेरीत जेमतेम निम्मे उमेदवार पास झाले. सोबत नवे नियमही आले. खेळाडूचा वार्षिक मोबदला दोन लाख डॉलरच्या आत असेल तर दलाली जास्तीत जास्त पाच टक्के, त्यावरच्या रकमेवर तीन, आणि विकणाऱ्या क्लबचा एजंट असेल तर बदलीच्या रकमेच्या दहा टक्के. तिन्ही बाजूंकडून एकाच सौद्यात पैसे घेण्यावर बंदी. आणि ज्याचं काम, त्यानेच पैसे द्यायचे. एजंट कोर्टात गेले. जर्मनीतल्या न्यायालयाने स्थगिती दिली, इंग्लंडमधल्या लवादाने दलालीची मर्यादा अमान्य केली, आणि ३० डिसेंबर २०२३ ला फिफाने यातल्या बहुतेक तरतुदी जगभर थांबवल्या. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय बदल्यांमध्ये क्लबांनी एजंटांना दिलेली रक्कम ८८ कोटी ८१ लाख डॉलरवर गेली होती.

चर्चा सगळी टक्केवारीवर झाली. माझ्या मते महत्त्वाचा नियम शेवटचा होता: ज्याचं काम, त्यानेच पैसे द्यायचे. अडत खरेदीदारावर टाकली तर तो भाव पाडून ती वसूल करू शकतो, हे खरं. बोजा शेवटी कुणाच्या खांद्यावर जातो ते पैसे कोण मोजतो यावर ठरत नाही. पण स्वतःच्या पट्टीवर अडत लिहिलेली दिसली, की शेतकरी निदान विचारतो, एवढी का? क्लब परस्पर पैसे भरतो तेव्हा अठरा वर्षांच्या पोराला तो आकडा दिसतच नाही, मग तो विचारणार काय?

ज्याला आकडे दिसले त्याने काय केलं, तेही पाहण्यासारखं आहे. एप्रिल २०२१ मध्ये केव्हिन डी ब्रॉयनने मँचेस्टर सिटीशी नवा करार एजंटशिवाय केला. सोबत वडील आणि वकील होते. त्याने डेटा विश्लेषकांच्या एका कंपनीला काम दिलं होतं: आपण संघात नसलो तर सिटीच्या जिंकण्याच्या शक्यतांवर काय परिणाम होतो, आपल्या तोडीच्या खेळाडूंना पगार किती आहे, येत्या वर्षांत संघ कुठे असेल. तो अहवाल टेबलावर ठेवून त्याने २०२५ पर्यंतच्या करारावर सही केली. तेव्हा तो २९ वर्षांचा होता आणि प्रीमियर लीगच्या सर्वोत्तम खेळाडूंत गणला जात होता.